फोम शीटचा डांबरी रस्ता : गाड्यांच्या टेबलटॉप लढायांसाठी स्वस्तातला ट्रॅक

गॅसलँड्ससारख्या टेबलावरच्या खेळांत लढणाऱ्या गाड्या म्हणजे खेळण्यातल्या छोट्या धातूच्या मोटारी, साधारण १:६४ प्रमाणातल्या. गाड्या सहज मिळतात, फासे मिळतात, टेम्पलेट (गाडी किती आणि कशी पुढे सरकवायची ते ठरवणाऱ्या पट्ट्या) पुठ्ठ्यातून कापता येतात. अडतं ते रस्त्यावर. नवखा माणूस एकतर टेबलावर काळा कागद अंथरून वेळ मारून नेतो, नाहीतर प्लायवूड, वाळू आणि गोंद घेऊन इतका जड ट्रॅक बनवतो की दुसऱ्यांदा तो माळ्यावरून खाली येत नाही.

रस्ता आधी खेळण्याचा पृष्ठभाग आहे, मॉडेल नंतर. ठेवली तिथे गाडी उभी राहिली पाहिजे, टेम्पलेट सपाट बसलं पाहिजे, कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जुळला पाहिजे आणि खेळ संपल्यावर सगळं एका खोक्यात गेलं पाहिजे. हे सगळं २ मिमी जाडीच्या ए-४ आकाराच्या ईव्हीए फोम शीटमध्ये जमतं. शाळेच्या हस्तकलेसाठी मिळते तीच ही शीट. पाणी शोषत नसल्यामुळे ती रंगाने वाकडी होत नाही, कटरने सुरेख कापली जाते आणि गरम असताना दाबलं की ठसा धरून ठेवते.

आधी मापं

इथे घाई करू नका. या ट्रॅकचं सगळं गणित मापांत आहे, बाकीचं रंगकाम.

रुंदी २०० मिमी. खऱ्या हमरस्त्याची लेन साधारण साडेतीन मीटरची असते, म्हणजे १:६४ ला ५५ मिमी. आपण ६० धरू. तीन लेन मिळून १८०, आणि दोन्ही कडांना १० मिमीची साइडपट्टी. खेळण्यातली गाडी ३० मिमीच्या आसपास रुंद असते, म्हणजे दोन गाड्या एका लेनमध्ये अगदी खेटून मावतात. यापेक्षा अरुंद रस्ता दिसायला छान दिसतो, पण चार-पाच गाड्यांच्या खेळात पहिल्याच वळणावर सगळे एकमेकांत अडकतात आणि पुढचा अर्धा तास तिथेच जातो.

वळणाची आतली त्रिज्या १०० मिमी, बाहेरची ३००. पूर्ण ९० अंशांचं वळण एकसंध केलं तर ते ए-४ शीटमध्ये मावत नाही, शिवाय खोक्यातही जात नाही. म्हणून ते ४५-४५ अंशांच्या दोन तुकड्यांत करायचं. असा एक तुकडा शीटवर मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखा ठेवून आखला तर त्याला २०८ × २३० मिमी जागा लागते. ए-४ शीट २१० × २९७ असते. काठावर का होईना, बसतो.

आता सरळ तुकड्याची लांबी. इथे ३०० चा गोल आकडा घेण्याचा मोह होतो, घेऊ नका. २८३ मिमी घ्या. डावं ४५ आणि उजवं ४५ असे दोन वळण-तुकडे जोडले की इंग्रजी एस आकाराचं जे वळण होतं ते पुढच्या दिशेला नेमकं २८३ मिमी जातं आणि बाजूला ११७ मिमी सरकतं. म्हणजे कुठल्याही सरळ तुकड्याच्या जागी एक एस-वळण टाकता येतं. रस्ता बाजूला सरकतो, पण लांबीचा हिशेब चुकत नाही. त्याच्या पुढे लगेच उलटं एस-वळण टाकलं की रस्ता परत मूळ रेषेवर येतो आणि ट्रॅकचं टोक टोकाला मिळतं. लांबी ३०० ठेवली तर दर एस-वळणामागे १७ मिमी फट उरते, आणि ती कुठे लपवायची हा प्रश्न प्रत्येक खेळाच्या आधी पडतो.

या मापांत ८ सरळ आणि ८ वळण-तुकड्यांचा बंद ट्रॅक ११६६ × ११६६ मिमी होतो, म्हणजे चार फूट बाय चार फूट टेबलावर थोडी जागा राखून बसतो. वर आणखी ४ वळण-तुकडे करून ठेवले की कुठल्याही एका बाजूला एस-वळणांची जोडी टाकता येते. ती आतल्या अंगाला वळवायची, बाहेर वळवली तर रस्ता टेबलाखाली उतरतो. सहा फूट बाय चार फूट टेबल असेल तर लांब बाजूंना दोन-दोन सरळ तुकडे वाढवा. नवख्याने ८ आणि १२, एकूण २० तुकड्यांवरच थांबावं. चौक, तिठे, पूल हे सगळं हा संच दोन-चारदा खेळून झाल्यावर.

काय काय लागेल (२० तुकड्यांसाठी)

- ए-४ ईव्हीए फोम शीट, २ मिमी, काळ्या रंगाच्या : २२ (दोन सरावाला). काळीच घ्या, पुढे ओरखडा उठला तरी आतून पांढरं दिसत नाही.
- साच्यांसाठी २ मिमी जाड पुठ्ठा : दोन तुकडे
- ब्लेड मोडून पुढे सरकवायचा कटर, जास्तीची ब्लेडं, स्टीलची पट्टी, कापायची मॅट
- पॉलिश पेपर : ८० नंबरचे दोन, २४० नंबरचा एक
- इमल्शन रंग, मॅट : काळा २०० मिली, पांढरा १०० मिली, तपकिरी आणि मातकट पिवळा ॲक्रिलिकची एकेक छोटी ट्यूब
- पांढरा लाकूडगोंद : ५० मिली
- ॲक्रिलिक मॅट वॉर्निश : १५० मिली
- ॲक्रिलिक सीलंट : एक नळी (सिलिकॉन नव्हे)
- मास्किंग टेप, जाड पारदर्शक प्लास्टिक, भांडी घासायचा स्पंज, दोन इंची जुना ब्रश
- हीट गन. ती नसेल तर इस्त्री आणि बटर पेपर

फोम शीट ए-४ म्हणून विकली जात असली तरी मोजून घ्या. काही पाकिटांत ती २०० × २९० भरते. सरळ तुकडे त्यातूनही निघतात, वळणाचे निघत नाहीत.

साचे

सरळ तुकड्याचा साचा म्हणजे २०० × २८३ चा आयत. चारही कोपरे गुण्याने तपासा, आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले पाहिजेत (३४६ ते ३४७ मिमी). इथला एक मिलिमीटर पुढे वीस तुकड्यांत उतरतो.

वळणाच्या साच्याला दोरी बांधून वर्तुळ काढू नका. दोरी ताणली जाते आणि दर वेळी वेगळी त्रिज्या देते. त्यापेक्षा पुठ्ठ्याची ३२० मिमी लांब पट्टी कापा, तिच्या मध्यरेषेवर ०, १०० आणि ३०० मिमीवर टोकदार सुईने भोकं पाडा. शून्यावर टाचणी रोवा, बाकीच्या दोन भोकांत पेन्सिलीचं टोक घालून दोन्ही कमानी काढा. केंद्रबिंदू पुठ्ठ्याच्या बाहेर पडतो, म्हणून साच्याचा पुठ्ठा आणि शेजारी त्याच जाडीचा दुसरा तुकडा टेबलाला टेपने चिकटवून मग आखा. मग ४५ अंशांच्या दोन त्रिज्या. झाल्यावर टोकांमधली सरळ अंतरं मोजा : बाहेरच्या कमानीची टोकं २२९.५ मिमी अंतरावर, आतल्या कमानीची ७६.५ मिमीवर. एवढं जुळलं तर कोन बरोबर आहे, कोनमापकाची गरज नाही.

साच्यावर चारही रेषांच्या जागा खुणावून ठेवा : एका कडेपासून १०, ७०, १३० आणि १९० मिमीवर. रंगाच्या वेळी याच खुणांवरून पट्टे येतील.

भेगा आधी, पोत नंतर, कापणं शेवटी

हा क्रम उलटा करू नका. फोम गरम केला की तो किंचित आकसतो. आधी कापलेले तुकडे गरम केले तर प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा होतो. आणि एकदा उठवलेला पोत पुन्हा गरम केला तर विरून जातो.

शीटवर साचा ठेवून बॉलपेनने हलकी आखणी करा. मग कटरच्या टोकाने भेगा ओढा, जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल. खऱ्या डांबरी रस्त्यावर भेगा कुठेही पडत नाहीत. तापमानाच्या चढउतारामुळे आडव्या भेगा पडतात, त्या रस्ता पूर्ण ओलांडून जातात. दोन लेनच्या सांध्यावर लांबच लांब उभी भेग असते. आणि चाकं जिथून सतत जातात तिथे वजनाच्या थकव्याने जाळीदार भेगा येतात, छोट्या वेड्यावाकड्या चौकोनांच्या. जाळीदार भेगा लेनच्या मधोमध काढल्या तर काहीतरी चुकलंय एवढं बघणाऱ्याला जाणवतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. तीन-चार तुकड्यांमागे एकावर जाळी, एवढं प्रमाण पुरे. सगळेच तुकडे फुटके केले तर एकही फुटका दिसत नाही.

आता हीट गन, १०-१५ सेंमी अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून. फोमची चमक किंचित बदलते आणि ओढलेल्या भेगा डोळ्यांदेखत उघडतात. तिथेच थांबा. आणखी तापवलं की कडा वर वळतात आणि पृष्ठभागाला फोड येतात. खिडकी उघडी असू द्या. करपलेल्या फोमचा धूर छातीत घेण्यासारखा नाही.

गरम असतानाच त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू खाली करून ठेवा आणि लाटण्याने किंवा काचेच्या बाटलीने जोर लावून दाबा. लाटणं मागेपुढे घासू नका, नाहीतर कागद सरकून ठसा दुहेरी उठतो. एक दाब, कागद उचला, पुढची जागा. ८० नंबरच्या कागदाचा दाणा साधारण ०.२ मिमीचा असतो, म्हणजे १:६४ ला १३ मिमी. डांबरात घालतात त्या बारीक खडीचं हेच माप. म्हणूनच गोंदावर वाळू भुरभुरवण्याचा सल्ला मला पटत नाही. एक मिलिमीटरचा वाळूचा कण इथे साडेसहा सेंटिमीटरचा दगड होतो. रस्ता नदीच्या पात्रासारखा दिसतो, टेम्पलेट त्यावर डगमगतं आणि गाड्यांचा रंग खरवडून निघतो. काळा पॉलिश पेपरच रस्ता म्हणून अंथरण्याचंही तसंच : फोटोत उत्तम, पण कडा वळतात आणि ब्लेड दोन तुकड्यांत बोथट होतं.

हीट गन नसेल तर शीटवर पॉलिश पेपर, त्यावर बटर पेपर, त्यावर मंद इस्त्री, पाच-सात सेकंद. इस्त्री फोमला थेट लागू देऊ नका. गार फोमवरही ठसा उठतो, पण रात्रीतून बराचसा भरून येतो.

एखाद्या तुकड्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा दाबून फिरवला तर उखडल्यासारखा ओबडधोबड भाग मिळतो. खड्डा हवा असेल तर चिमट्याने फोमचा कपचा ओढून काढा, कापू नका. खोली एक मिलिमीटरच्या आत ठेवा. त्याहून खोल खड्ड्यात चाक उतरतं, गाडी तिरकी होऊन स्वतःच सरकते आणि मग ती नक्की कुठे होती यावर वाद होतो.

शीट पूर्ण गार झाल्यावर साचा पुन्हा ठेवून कापा. कटर अगदी उभा धरा. एका दमात खोल कापण्यापेक्षा दोन-तीन हलके हात द्या, आणि चार तुकड्यांमागे ब्लेडचं टोक मोडून नवं घ्या. बोथट ब्लेड फोम कापत नाही, ओढतं. कड दातेरी होते. कात्रीने कड तिरपी जाते आणि सांध्यावर चर दिसतो. वळणाच्या तुकड्यात बाहेरच्या कमानीचा माथा शीटमध्ये एखाद मिलिमीटर कमी पडला तर हरकत नाही, कारण ती साइडपट्टी आहे. तुकड्याची दोन सरळ टोकं मात्र बिनचूक हवीत, कारण सांधा तिथे आहे.

शेवटी लांब कडांना २४० च्या पॉलिश पेपरने उतार द्या, म्हणजे गाडी अर्धी रस्त्यावर आणि अर्धी जमिनीवर असताना झुकणार नाही. सांध्याच्या टोकांना उतार देऊ नका.

रंग

रस्ता काळा रंगवू नये. टेबलावर काळा रस्ता भोकासारखा दिसतो, भेगा-पोत काहीच डोळ्याला लागत नाही. खरा डांबरी रस्ताही नवा असेपर्यंतच काळपट असतो. पुढे वरचं डांबर झिजून खडी उघडी पडते आणि तो करडा होत जातो.

पहिल्या थराचं मिश्रण एका बरणीत, एकदमच सगळं करा : काळा इमल्शन १५० मिली, पांढरा ५० मिली, लाकूडगोंद ५० मिली, पाणी २५ मिली आणि तपकिरीचे आठ-दहा थेंब. तपकिरी नसेल तर करडा रंग निळसर वाटतो. हे मिश्रण वीस तुकड्यांच्या दोन हातांना पुरतं. पुन्हा नव्याने केलेलं मिश्रण आधीच्या छटेला सहसा जुळत नाही, आणि मग ट्रॅकवर दोन वेगळ्या रंगांचे तुकडे दिसतात. इमल्शन वाळल्यावर गडद होतं, म्हणून आधी फोमच्या कपच्यावर लावून, वाळवून छटा ठरवा.

गोंदाचं काम असं की फोमच्या बारीक छिद्रांत तो बसतो आणि रंगाला लवचीकपणा देतो. पातळ दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर पोत बुजतो आणि तुकडा वाकवला की रंग तडकतो. कडाही रंगवा, सांध्याच्या टोकांसकट.

वाळल्यावर उरलेल्या मिश्रणात तेवढाच पांढरा घालून फिकट करडा करा आणि ड्राय ब्रशिंग करा : ब्रश रंगात बुडवून जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा, मग पृष्ठभागावरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि खडी दिसू लागते. ब्रश रस्त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा; आडवा फिरवलेला ब्रश लगेच ओळखू येतो. लेनमध्ये चाकांच्या दोन वाटा, साधारण २५ मिमी अंतराने, थोड्या जास्त फिकट करा. त्यांच्यामधल्या पट्ट्यात पातळ काळपट तपकिरी रंग स्पंजने टिपा, तो इंजिनमधून गळणाऱ्या तेलाचा डाग. भेगांत पाणी घातलेला काळा रंग सोडून वरचा लगेच पुसून घ्या.

दोन-तीन तुकड्यांवर मास्किंग टेपने आयत आखून आतला भाग गडद करा. हे डागडुजीचं ठिगळ. नवं डांबर जुन्यापेक्षा काळं असतंच. एवढ्या थोड्या श्रमात इतका खरेपणा दुसऱ्या कशाने येत नाही.

पांढरे पट्टे

पट्ट्याची रुंदी २ मिमी. लेनच्या तुटक रेषेत एक भाग पट्टा, दोन भाग मोकळी जागा. सरळ तुकड्यावर वाटणी अशी करा : ४७ मिमी मोकळे, ४७.५ मिमी पट्टा, ९४ मोकळे, ४७.५ पट्टा, ४७ मोकळे. बेरीज २८३. पट्टा कधीही सांध्यावर येत नाही, आणि दोन तुकडे लागले की मधलं अंतर आपोआप ९४ होतं. तुकडा उलटा फिरवला तरी तेच. वळणाच्या तुकड्यावर दोन्ही तुटक रेषांत बरोबर मध्यावर एकेकच पट्टा द्या. आतल्या आणि बाहेरच्या रेषेतली अंतरं सारखी येत नाहीत, पण डोळा ते सहज माफ करतो.

जाड प्लास्टिकमध्ये २ × ४७.५ मिमीच्या खाचा कापून सरळ तुकड्याचा एक आणि वळणाचा एक असे स्टेन्सिल बनवा. रंग शुद्ध पांढरा नको. पांढऱ्यात थेंबभर करडा आणि थेंबभर मातकट पिवळा. स्पंजचा छोटा तुकडा रंगात टेकवून कागदावर चार-पाचदा टिपा, मग स्टेन्सिलवर उभा थोपटा. ब्रश वापरलात तर रंग स्टेन्सिलखाली घुसतो. पिवळी रेषा हवी असेल तर आधी खाली पांढरी द्या. पिवळा रंग गडद करड्यावर झाकत नाही, हिरवट दिसतो.

कडेच्या सलग रेषेला मास्किंग टेप लागते. टेप आधी कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारा, नाहीतर काढताना इमल्शनचा पापुद्रा सोबत येतो. टेप लावल्यावर फटीवरून प्रथम रस्त्याचाच करडा रंग एकदा फिरवा. जो काही रंग टेपखाली झिरपायचा तो करडाच झिरपतो, आणि वरची पांढरी रेषा धारदार येते. टेप रंग ओला असतानाच काढा. वळणावर टेप वाकत नाही, तिथे साच्याची कमान धरून पांढऱ्या ॲक्रिलिक मार्करने रेषा ओढणं सोपं.

पट्टे वाळल्यावर २४० च्या पॉलिश पेपरने चाकांच्या वाटेवर आणि भेगांजवळ हलकं घासा. नंतर कडेच्या १० मिमी साइडपट्टीवर मातीचा रंग स्पंजने टिपा, पांढऱ्या रेषेवर थोडा चढू द्या.

वॉर्निश आणि तळ

मॅट वॉर्निशचे दोन हात, ब्रशने. चकचकीत वॉर्निशवर गाडी टेम्पलेटच्या धक्क्यानेही घसरते. स्प्रे वॉर्निश दमट हवेत मारलं की पांढुरकं धुकं धरतं, वीस तुकडे एकदम खराब होतात. ब्रशला हा धोका नाही.

फोम हलका, त्यामुळे टेबलावर सरकतो. तुकडा उलटा करून तळाला ॲक्रिलिक सीलंट जुन्या एटीएम कार्डाने अगदी पातळ पसरवा. एक नळी सगळ्या तुकड्यांना पुरते. २४ तास वाळू द्या. वाळलेला थर रबरासारखा टेबलाला धरतो, आणि तुकड्याला थोडं वजनही येतं. सिलिकॉन सीलंट घेऊ नका. त्यावर रंग धरत नाही आणि हाताला लागून ते वरच्या बाजूला गेलं तर तिथेही नंतर रंग बसत नाही.

फोम अजिबात न मिळाल्यास २ मिमी जाड पुठ्ठ्यावर हाच आराखडा चालतो, पण पोत उठत नाही आणि पाण्याचा रंग एकाच बाजूला लावला की पुठ्ठा पन्हाळीसारखा वळतो. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या आणि वजनाखाली वाळवा.

रस्त्यावरचे अडथळे

अडथळे रस्त्यावर चिकटवू नका. सुटे ठेवले की दर खेळाला ट्रॅक नवा होतो आणि तुकडे एकावर एक सपाट रचता येतात.

सिमेंटचा दुभाजक खऱ्या मापात साधारण ८१ सेंमी उंच असतो, म्हणजे इथे १३ मिमी. उरलेल्या फोमच्या पट्ट्या चिकटवून ४७ मिमी लांबीचे ठोकळे करा, खालचा भाग रुंद ठेवा. टायर : १० मिमी बाह्य व्यासाच्या काळ्या रबरी नळीच्या ३ मिमी जाड चकत्या, तीन-चार एकावर एक चिकटवून. २०० लिटरचा पिंप इथे ९ मिमी व्यासाचा आणि १४ मिमी उंच होतो. वीस फुटी मालाचा कंटेनर ९५ × ३८ × ४० मिमी. तो खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्यातून करा. वरचा कागद किंचित ओला करून सोलला की आतल्या पन्हाळ्या उघड्या पडतात, कंटेनरच्या भिंती तयार. एका कडेला एक कंटेनर आडवा आणि समोरच्या कडेला दुसरा उभा टाकला की तीन लेनचा रस्ता एका लेनचा होतो आणि खेळाला खरी धार येते.

उडी मारायच्या उताराचा घोळ असा की खेळण्यातल्या गाड्यांची चाकं मोकळी फिरतात आणि गाडी उतारावरून मागे येते. उतार १५ अंशांच्या आसपास ठेवा, त्यावर ८० नंबरचा ठसा उठवा, आणि तरीही गाडी घसरत असेल तर दर ३० मिमीवर बारीक काडीची आडवी पट्टी चिकटवा. काहीजण गाडीच्या आसावरच गोंदाचा एकेक थेंब देऊन चाकं कायमची थांबवतात. टेबल थोडंसं कललेलं असेल तर हाच उपाय सगळ्यात खात्रीचा.

रस्त्याभोवतालच्या जमिनीसाठी सुरुवातीला मातकट रंगाची चादर पुरेशी आहे, फक्त सुरकुत्या काढून ताणलेली हवी. नंतर हौस वाटली तर जाड सुती कापडावर ॲक्रिलिक सीलंट, तपकिरी इमल्शन आणि चाळलेली बारीक वाळू यांचं मिश्रण एक मिलिमीटर जाड पसरवून गुंडाळता येणारी मॅट करता येते. चार फूट बाय चार फुटाला पाच नळ्या तरी लागतात, आणि कापड चारही बाजूंनी ताणून ठोकलं नाही तर वाळताना आकसतं.

सगळे तुकडे ए-४ च्या बॉक्स फाइलमध्ये मावतात, वीस तुकड्यांचा थर पाच सेंमीच्या आसपास भरतो. दोन तुकड्यांमध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्र चालत नाही : तळाचं सीलंट वजनाखाली आणि उकाड्यात त्याला चिकटतं, आणि कागद ओढून काढला तरी शाई तिथेच राहते. फाइल आडवीच ठेवा. उभी ठेवली तर फोम महिन्याभरात खाली बसून कमान धरतो. तशी कमान आलीच तर तुकडा हेअर ड्रायरने कोमट करून सपाट फरशीवर जड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. हीट गन नको, वॉर्निश फुगतं.